रंजनीच्या नावाचा दगड

मुरलीनं आमच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा मी वेंकोबाकाकांच्या, म्हणजे माझ्या घरमालकांच्या, जेवणाच्या टेबलाशी कॉफी पीत होते. ऑफिसची बस यायला अजून वेळ होता. फोटोत आमचा दगड होता: ग्रॅनाइटचे दोन उभे खांब, त्यांवर तिसरा आडवा, आणि आडव्यावर तमिळमध्ये कोरलेलं नाव, रंजनी. गेल्या आठवड्यात आम्ही तो उभा केला तेव्हा नुसता राखाडी होता. आता त्याला हळदीची बोटं ओढलेली होती, मधोमध कुंकू होतं आणि दोन्ही टोकांना हिरव्या-लाल काचेच्या बांगड्या दोऱ्यात ओवून बांधल्या होत्या. दगड घडवणाऱ्यानं एका खांबात न सांगताच एक छोटा कोनाडा करून दिला होता. मी तो नक्षीचा भाग समजले होते. त्यात पणती जळत होती.

मुरलीनं खाली लिहिलं होतं, "गावानं आपला दगड स्वीकारला." त्यावर टाळ्यांची रांग लागली होती. मीही एक टाळी टाकली.

आमच्या वाटेचं नाव वणिगर वळी, म्हणजे व्यापाऱ्यांची वाट. कांचीपुरमचं कापड जुन्या काळी ज्या रस्त्यानं मैलापूरच्या किनाऱ्याला येई, तो रस्ता जमेल तेवढा शोधून काढायचा आणि लोकांना पायी चालता येईल असा आखायचा, हे आमच्या गटाचं काम. पुढे कांचीपुरमहून घाट चढून म्हैसूरच्या पठारापर्यंत जायचा बेत आहे. मी साताऱ्याची, शिक्षण भूशास्त्राचं, नोकरी चेन्नईत शोळिंगनल्लूरला, नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे वाटेचा नकाशा माझ्याकडे आला. पहिला टप्पा मी आणि रंजनीनं चालून काढला, गेल्या ऑगस्टमध्ये. रंजनी वेंकोबाकाकांची पुतणी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि चेन्नईत मला मैत्रीण म्हणता येईल अशी ती एकच.

त्या चालण्यात चेंबरंबाक्कम तळ्याच्या पलीकडे, वेड्या बाभळीच्या झुडपात, आम्हाला असा एक जुना दगड सापडला होता. आडवा तुकडा खाली पडलेला होता, अक्षर एकही नव्हतं. रंजनी म्हणाली, ही सुमैतांगी. डोक्यावर गाठोडं घेऊन येणारा माणूस गुडघे थोडे वाकवायचा आणि ओझं या आडव्या दगडावर सरकवायचा. जोडीला कुणी नसलं तरी उतरवता येतं, आणि निघताना पुन्हा डोक्यावर घेता येतं. मी टेप काढून खांब मोजले. आडवा दगड वर ठेवला तर बरोबर माझ्या हनुवटीशी आला असता. मला ती उंची फार आवडली. एका माणसाच्या मानेचा विचार करून ठरवलेली उंची. मी आणखी विचारत राहिले तेव्हा रंजनी म्हणाली, "ऊन वाढतंय, चल." आणि पुढे चालू लागली.

म्हणून वाटेच्या आरंभी, तळ्याकाठच्या गावाशी, नवी सुमैतांगी उभारायची, चालणाऱ्यांनी तिच्यावर पाठपिशव्या टेकाव्यात, ही कल्पना माझी. त्यावर रंजनीचं नाव घालायचं हीसुद्धा माझीच. तिला आठवा महिना होता, रक्तदाब चढत होता, डॉक्टरांनी चालणं बंद केलं होतं. वाट सुरू होईल त्या दिवशी ती नुसती खुर्चीत बसून असणार, याचं मला वाईट वाटत होतं. रविवारी उद्घाटन होतं. ती गाडीनं येणार होती आणि मी तिला एवढंच सांगितलं होतं की तुझ्यासाठी एक गंमत आहे.

"काका, बघा तरी," म्हणत मी फोन पुढे केला.

वेंकोबाकाकांनी चष्मा वर ढकलून फोटो पाहिला. मग फोन टेबलावर पालथा ठेवला, उठून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आत गोदाकाकू डोशाचं पीठ ढवळत होत्या.

"हे नाव घालायास कोणी सांगितलं?"

"मीच."

काका बसले. त्यांची मराठी तंजावरची, घरात चार पिढ्या जपलेली. एरवी मी तिच्यातले जुने शब्द ऐकायला मुद्दाम त्यांना बोलतं करते.

"ऋजुता मा," ते हळू म्हणाले, "पोटात मूल असता जी बाई जाते ना, तिचं ओझं उतरलेलं नसतं. म्हणून तिच्या घरचे तिच्या नावानं रस्त्याकडेस सुमैतांगी घालतात. येणारा जाणारा तेथे ओझं उतरवतो, तेव्हां तिचंही थोडं उतरतं. तुज हे कोणी सांगितलं नाही?"

मी नाही म्हणाले की नुसती मान हलवली, ते आठवत नाही. बांगड्या कशासाठी होत्या ते मात्र त्याच क्षणी कळलं. महिन्याभरापूर्वी रंजनीच्या वळैकाप्पूला, म्हणजे डोहाळजेवणाच्या वेळी, मी स्वतः तिच्या हातात अशाच हिरव्या-लाल बांगड्या भरल्या होत्या.

"मज देवाधर्माचं फार नाही," काका म्हणाले. "पण हे काढ मा. तिच्या आईस कळलं तर ती अंथरूण धरेल. आणि रंजनी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी गच्चीवर जाऊन मुरलीला फोन केला. मुरलीचं कुटुंबही तंजावर मराठी, पण तो चेन्नईतच वाढला, आमच्याच ऑफिसात चाचणी विभागात आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अय्यो. मला काय माहीत? मी अण्णानगरातला माणूस, ग्रॅनाइट मी फक्त ओट्याला बघितलाय."

"दगडवाल्यानं पण काही विचारलं नाही तुला?"

"विचारलं होतं. कुणाची कोण म्हणून. मी म्हणालो आमच्या ग्रुपमधली, फार जवळची. तो म्हणाला पावम, पावम. मला वाटलं, ऊन फार आहे म्हणून स्वतःलाच म्हणतोय."

पावम म्हणजे बिचारी. एवढं तमिळ मलाही येत होतं.

"फोटो डिलीट कर. सगळ्यांसाठी."

"सरी, केला."

"आधी बघायचं होतं कुणी वाचलाय ते."

"बघितलं गं. मी टेस्टर आहे. रंजनी पण ग्रुपमध्ये आहे हे विसरलोच होतो. तिला पोचला होता, वाचलेला दाखवत नव्हता."

त्या आधारावर मी दिवस काढला. तिनं फोटो उघडलेला नाही, म्हणजे पाहिलेला नाही. काही वाईट झालं तर ते दगडामुळे होणार नाही हे मला माहीत होतं. ग्रॅनाइट म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक, त्यात कुणाचं भविष्य नसतं. पण रक्तदाब चढलेल्या बाईला भीती वाटली तर तो आणखी चढू शकतो, आणि गरोदरपणात तो किती चढला की झटके येतात हे मी रंजनीबरोबरच वाचलं होतं. तेव्हा काकांची भीती आणि माझी भीती वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊन त्याच दगडापाशी थांबत होत्या. दुपारी मीटिंगमध्ये कुणीतरी मला दोनदा हाक मारली, मी ऐकलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मुरलीनं आणि मी रजा टाकली आणि त्याच्या बाइकवरून तळ्याकडे गेलो. दगडवाला म्हणाला होता की अक्षरं काढता येतील, वरचा थर तासावा लागेल, शनिवारी येतो. तोपर्यंत नावावर जाड कागद चिकटवून ठेवायचा, असा माझा विचार होता. पिशवीत चिकटपट्टी होती.

दगडापाशी एक बाई उकिडवी बसून कोनाड्यातल्या पणतीत तेल घालत होती. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर रोजगार हमीच्या कामावरचा पुरुषी शर्ट, साडीवरून घातलेला. आम्हाला पाहून ती उठली. मुरलीनं सांगितलं की दगड आम्ही बसवला. तिनं त्याला सोडून माझ्याकडे पाहिलं आणि एक प्रश्न विचारला. मुरलीनं भाषांतर करायच्या आतच मला तो कळला. कितवा महिना होता?

"एट्टु," मी म्हणाले. आठ. ते खरं होतं आणि तोंडातून निघून गेलं.

तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात तेलानं ओशट होता. ती बोलत राहिली आणि मुरली माझ्या कानाशी अडखळत सांगत राहिला. तिचं नाव चेल्लम्मा. तिच्या मुलीलाही आठवाच होता. मल्लिगा नाव. डोकं दुखतंय म्हणाली, डोळ्यांपुढे उजेड फुटतोय म्हणाली, मग अंग ताठ झालं. ऑटो मिळेपर्यंत सगळं संपलं. गेल्या वर्षी, मार्गळी महिन्यात. इथं बाईच्या नावाचा नवा दगड लागलाय असं कळलं तेव्हा ती धावत पाहायला आली होती. ही पोर कोण ते माहीत नव्हतं, पण मल्लिगाच्या वाटणीच्या बांगड्या हिच्या दगडाला बांधल्या.

डोळ्यांपुढे उजेड फुटणं. ती सगळी लक्षणं मला ओळीनं माहीत होती.

"मुरली, सांग तिला," मी म्हणाले. "जिवंत आहे म्हणावं."

"तू सांग."

"मला तमिळ येत नाही."

"मला पण नाही येत एवढं," तो म्हणाला, पण त्यानं सांगितलं.

चेल्लम्मानं माझं मनगट सोडलं. दोन पावलं मागं गेली. मग एकदम पुढे होऊन ती दोरे तोडायला लागली. बांगड्या सोडवून पदरात घेतल्या, पदराच्या दुसऱ्या टोकानं कुंकू पुसलं, हळद घासून काढली, बोटांनी पणतीची वात चिमटून विझवली, आणि बाजूला तीनदा थुंकली. हे सगळं करताना ती मुरलीला सतत बोलत होती.

"काय म्हणतेय?"

"माझ्या आईनं मला काय शिकवलं ते विचारतेय," मुरली म्हणाला. "आणि बाकीचं तुला सांगण्यासारखं नाही."

शेवटी ती दमून खांबाला टेकून बसली. मी तिला आमची पाण्याची बाटली दिली. मी म्हटलं की उद्या आम्ही नाव काढून टाकणार आहोत. मुरलीनं ते सांगितल्यावर ती पदरातल्या बांगड्या मोजल्यासारख्या चाचपत राहिली.

मग म्हणाली, "मग दगड रिकामा ठेवणार?"

मुरली माझ्याकडे बघायला लागला.

ती पुढे म्हणाली की तिनं मल्लिगासाठी दगड मागितला होता. नवरा म्हणाला, जावई म्हणाला, आता डोक्यावर ओझं नेतं कोण, रस्त्यानं बस जाते. खरंच होतं ते. पण तुमची माणसं पाठीवर ओझी घेऊन चालत येणार म्हणे?

"येणार," मी म्हणाले.

"किती?"

"रविवारी चाळीसएक. मग दर आठवड्याला कुणी ना कुणी."

तिनं मान हलवली. परत जाताना बाइकवर मुरली ओरडून म्हणाला, "कमिटीला काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं."

"नको. स्पेलिंग चुकलं होतं म्हणू. इंग्रजीत मीटिंग आहे, कुणाला कळणार नाही."

संध्याकाळी मी मैलापूरला गेले. रंजनी बाळंतपणासाठी आईकडे होती. तिला रविवारी येण्यापासून परावृत्त करायचं, असं ठरवून गेले होते. नाव जाईल, पण खाडाखोड राहील. गावातलं कुणीतरी काहीतरी बोलेल. रंजनी पलंगावर डाव्या कुशीवर होती आणि तिची आई, विद्यालक्ष्मीमावशी, तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होत्या.

"रस्ता फार खराब झालाय गं, तळ्यानंतर," मी म्हणाले.

"मागच्या आठवड्यात तर म्हणालीस नवीन डांबर टाकलंय."

"त्याच्या पुढचा."

"मला गाडीतून जायचंय. डॉक्टर बसून जायला हो म्हणालेत." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "गंमत रद्द झाली की काय?"

"नाही. पण..."

"बोलू नका दोघी," मावशी म्हणाल्या. यंत्र घरघरलं, थांबलं. १४४ वर ९२. मावशींनी ओठ आवळले. "बुधवारपर्यंत किती छान होतं. काल सकाळपासून चढून बसलंय."

काल सकाळ. मुरलीचा फोटो काल सकाळी आला होता. मी मनात ते दोन मुद्दे जोडले आणि लगेच तोडले, कारण तिनं फोटो वाचलेला नव्हता. एकापाठोपाठ एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी रंजनीकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती.

"मला यायचंच आहे," ती म्हणाली. "न येता जास्त चढेल."

शनिवारी दगडवाला आला आणि दिवसभर छिन्नी चालली. मी समोरच बसून होते. ग्रॅनाइटच्या कपच्या उडत होत्या, नाव एकेक अक्षरानं जात होतं, आणि मला ते पाहणंही बरं वाटत नव्हतं. नाव घालणं अशुभ होतं, मग नाव पुसणं शुभ कसं? मी हे कुणाला विचारलं नाही. चेल्लम्मा झाडाखाली बसली होती. संध्याकाळी नवं नाव झालं. मल्लिगा. तासल्यामुळे तेवढी जागा बाकीच्या दगडापेक्षा बोटभर खोल गेली होती.

रविवारी सकाळी वेंकोबाकाका रंजनीला घेऊन आले. कमिटीच्या अध्यक्षांनी व्यापारी, बैल, मीठ, कापड यांवर भाषण केलं आणि ते लवकर संपवलं. माणसं पाठपिशव्या अडकवायला लागली. रंजनी खुर्चीतून उठली आणि काकांचा हात सोडून एकटीच दगडाकडे चालत गेली. मी धावले.

तिनं नाव वाचलं. मग हात वर करून अक्षरांवरून फिरवला, आणि तिची बोटं त्या खोलगट जागेच्या कडेशी थांबली. कडेकडेनं ती डावीकडून उजवीकडे गेली.

"माझ्या नावाला एवढी जागा लागत नाही," ती म्हणाली. "थोडं जास्तच तासलंय."

"तू वाचला नव्हतास फोटो."

"नोटिफिकेशनमध्ये दिसतो गं. उघडावा लागत नाही." ती अजून माझ्याकडे बघत नव्हती. "गुरुवारी दात घासत होते. दगड, हळद, बांगड्या, माझं नाव. नंतर बघायला गेले तर डिलीट. मला वाटलं, मलाच भास झाला."

"मला सांगायचं होतंस."

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. शुक्रवारी आलीस आणि डांबराबद्दल बोललीस."

वेंकोबाकाका लांब उभे राहून आमच्याकडे पाहत होते.

"मला खरंच माहीत नव्हतं, रंजनी. तू म्हणालीस ओझं उतरवायचा दगड, एवढंच."

"हो," ती म्हणाली. "एवढंच म्हणाले. ऑगस्टमध्ये मला दोन महिने झाले होते आणि अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, पद्मनाभला. तू टेप घेऊन त्या दगडाला मिठी मारत होतीस आणि विचारत होतीस की का, का. मला ते तोंडानं म्हणायचं नव्हतं. मी सायन्स शिकवते आणि मला ते म्हणायची भीती वाटली." तिनं आता माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे अर्धा दगड माझा."

मी विचारलं, "आत्ता किती आहे?"

"सकाळी कालच्याएवढंच. उतरलं नाही. मशीन पिशवीत आहे, पण आत्ता मोजायचं नाही. एका नोंदीवरून काही ठरत नसतं."

"डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढे काही?"

"नाही, नाही, आणि सूजही नाही. दर तासाला विचारू नकोस, माझी आई आहे त्याला." मग तिनं विचारलं, "ही मल्लिगा कोण?"

मी चेल्लम्माकडे बोट केलं. ती बायकांच्या घोळक्यात नव्हती, त्यांच्याही मागे, बाभळीपाशी उभी होती. पोटुशी बाई आली आहे म्हणून तिनं मुद्दाम अंतर ठेवलं होतं, हे मलाही दिसत होतं. रंजनीनं तिला हात केला. ती आली नाही. रंजनीनं पुन्हा केला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. चेल्लम्मा तेवढ्यापुरती जवळ आली, पण पदर तोंडाशी धरून.

रंजनीच्या खांद्याला तिची नेहमीची कापडी पिशवी होती. त्यात रक्तदाबाचं यंत्र, पाणी, डबा, कागद. तिनं ती खांद्यावरून काढली. मी घेऊ लागले तर तिनं हात मागे घेतला आणि चेल्लम्माला विचारलं. हा प्रश्नही मला कळला. ठेवू का?

चेल्लम्मानं रंजनीच्या पोटाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग पदर खाली केला आणि म्हणाली, "वै, मा." ठेव.

आडवा दगड रंजनीच्याही हनुवटीशी येतो. तिला हात उंच करावे लागले. एवढ्यानंही तिला काही होईल असं मला वाटलं आणि मी माझे दोन्ही हात तिच्या पाठीमागे, न टेकवता, धरून राहिले. पिशवी दगडावर टेकली. तिनं हात खाली घेतले आणि श्वास सोडला. चेल्लम्मा पटकन खुर्ची घेऊन आली.

"आता तू जा," रंजनी बसत म्हणाली. "चाळीस माणसं तुझ्या नकाशावर चालणार आहेत आणि तू इथं उभी आहेस."

"मी थांबते."

"मुरलीला पुढे सोडलंस तर तो सगळ्यांना अण्णानगरला घेऊन जाईल. जा."

मी गेले. तळ्याच्या बांधावर चढल्यावर वळून पाहिलं. रंजनी खुर्चीत होती, चेल्लम्मा जमिनीवर, आणि पिशवी दगडावरच होती. वेंकोबाकाका दोघींना छत्री धरून उभे होते. पुढच्या वळणाशी पुन्हा पाहिलं, तेव्हा फक्त छत्री दिसली.

मी फोन हातात धरला होता. बांध उतरून वाट बाभळींत शिरते तिथं रेंजच्या रेघा एकेक करून गेल्या. हा टप्पा मीच नकाशात आखला होता, आणि त्याखाली माझ्याच शब्दांत लिहिलं होतं: येथून पुढे तळ्याच्या टोकापर्यंत फोन लागत नाही. मागून येणाऱ्या एकानं विचारलं, बराच वेळ लागतो का. मी म्हणाले, नाही, फार नाही, आणि फोन हातातच ठेवून भराभर चालू लागले.